मदत हवी आहे: होळीचे हजारो फोटो पाड्यांनुसार लावायचे आहेत, मूळ फायलींना धक्का न लावता

नमस्कार मंडळी,

मी शहाद्याची. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा-धडगाव भागात फोटो काढायला जाते. भोंगऱ्या बाजार, काठी गावची राजवाडी होळी, आणि पुढे ज्या पाड्यावरून बोलावणं येईल तिथली होळी. बऱ्याच वर्षांचे फोटो साठलेत. आता पाड्यांवरची माणसं हक्काने विचारतात, "ताई, आमचा पोरगा बुध्या झाला होता, त्याचा फोटो निघाला का?" (बुध्या म्हणजे होळीत अंग रंगवून, मोरपिसांचा टोप घालून नाचणारा.) एका घरी आजोबांचा फोटो हवा आहे. आजोबा आता नाहीत, आणि घरात त्यांचा दुसरा फोटोही नाही. तो माझ्याकडे आहे हे नक्की, पण हजारो फायलींत शोधू कुठे?

सामान असं: माझा निकॉन, त्यात रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न दाबलेली फाइल) आणि जेपीईजी दोन्ही साठवते. भाऊ सोबत असतो, त्याचा कॅनन. शिवाय आम्हा दोघांचे मोबाइल. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम, आतली डिस्क २५६ जीबी. बाहेरची १ टीबीची हार्ड डिस्क आहे, तीही भरत आली.

अडचणी सांगते. निकॉनचे नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे एकाच नावाचे वेगवेगळे फोटो आहेत. एका फोल्डरमध्ये टाकायला गेलं की विंडोज विचारतं, जुनी फाइल बदलायची का? तिथे हात थांबतो. भावाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ माझ्यापेक्षा पुढे आहे, म्हणून दोघांचे फोटो वेळेनुसार लावले तर होळी आधी पेटते आणि होळीचा दांडा नंतर उभा राहतो. रात्रीच्या फोटोंचा रंग एका फ्रेममध्ये पिवळा, पुढच्यात लाल.

शेवटी मला दोन गोष्टी हव्यात. प्रत्येक पाड्याचे फोटो वेगळे काढता यावेत, आणि ते मोबाइलवर पाठवण्याजोगे व ४ × ६ इंची प्रिंट काढण्याजोगे एकदम तयार व्हावेत. एकेक फोटो उघडून हे होणार नाही. सॉफ्टवेअर फुकट असेल तर बरं, नेटशिवाय चालणारं असेल तर फारच बरं. फोटो कुठल्या परक्या सर्व्हरवर चढवायची माझी इच्छा नाही. ती माणसं मला ओळखतात म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

प्रतिसाद, धुळ्याहून

राम राम ताई. काम मोठं आहे, पण क्रम चुकला नाही तर होतं. माझं मत एका वाक्यात: फोल्डर फक्त तारखेचे ठेवा, पाडा आणि माणूस टॅगमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेल्या शोधता येणाऱ्या शब्दांत लिहा.

पाड्यांचे फोल्डर करायचा मोह होतो, पण काठीला एकाच फ्रेममध्ये तीन पाड्यांची माणसं नाचत असतात. तो फोटो ठेवणार कुठे? तीन कॉप्या केल्या तर डिस्क भरते आणि कुठली खरी तेच कळत नाही. टॅग मात्र एका फोटोला कितीही लावता येतात.

आता पहिली पायरी. कॅमेऱ्याला केबल लावण्यापेक्षा यूएसबी ३.० चा कार्ड रीडर घ्या. कार्डवरचा डीसीआयएम (DCIM) फोल्डर, ज्यात सगळे फोटो असतात, तो पूर्ण कॉपी करा. कट-पेस्ट कधीच नाही. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी थकलेली असली तर तोड कुठे पडली ते शोधत बसावं लागतं. टेराकॉपी हे कॉपी करायचं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायली ताडून बघता येतात. दुसरी हार्ड डिस्क घ्याच, याला पर्याय नाही. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि ते कॅमेऱ्यातच करायचं. दोनपैकी एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा.

नंबर पुन्हा ०००१ वर येतात तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही. जवळपास सगळ्या कॅमेरा कंपन्या एक ठरलेली पद्धत पाळतात: नावात चार अक्षरं आणि चार आकडे, त्यामुळे ९९९९ च्या पुढे जागाच उरत नाही. म्हणून नावं आपणच बदलायची.

धागालेखिका

धन्यवाद भाऊ! टॅगचं पटलं. पण तारखेचा फोल्डर म्हणजे काठीचं काय? तिथे संध्याकाळपासून माणसं जमतात आणि होळी पेटते पहाटे. २०२५ ची होळी १३ मार्चला, आणि पेटल्याचे सगळे फोटो १४ तारखेचे. एकच रात्र दोन फोल्डरांत तुटते. आणि नाव बदलण्याआधी घड्याळ दुरुस्त करायचं की नंतर?

प्रतिसाद, धुळ्याहून

आधी घड्याळ. नावात वेळ जाणार आहे, तीच चुकीची असेल तर नावही चुकीचं.

डिजिकॅम नावाचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं, नेट लागत नाही. दोघांनी एकाच क्षणी काढलेले फोटो शोधा. होळीला पहिली ज्वाळा लागली तो क्षण चांगला, कारण तेव्हा दोघांचीही बटणं दाबली गेली असणार. दोन्हींच्या एक्झिफमधली (कॅमेरा फोटोच्या आत लिहितो त्या माहितीतली) वेळ बघा, फरक काढा. मग भावाचे त्या रात्रीचे सगळे फोटो निवडून वेळ बदलायच्या साधनात तेवढा फरक वजा करा. हे प्रत्येक वर्षासाठी वेगळं करावं लागेल, घड्याळ दर वर्षी सारखंच पुढे असेल असं नाही. विंडोज 'क्रिएटेड' म्हणून दाखवतं ती तारीख धरू नका, ती कॉपी केल्याची असते. फोटो काढल्याची वेळ एक्झिफमध्येच.

नावाचा साचा असा ठेवा: वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद, मग कॅमेऱ्याची खूण, मग मूळ चार आकडे. म्हणजे २०२५-०३-१४_०५४२१०_निकॉन_०३१७ असं काहीतरी. मूळ आकडे गाळू नका, कारण नाच चालू असताना एका सेकंदात चार-पाच फोटो निघतात आणि नुसत्या वेळेने नावं पुन्हा एकसारखी होतात. रॉ आणि जेपीईजीची जोडी एकत्रच बदला, दोघांचं नाव सारखं राहिलं पाहिजे. प्रत्यक्षात फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा, स्टुडिओच्या जुन्या मशीनवर देवनागरी नावांचे चौकोन होतात. टॅग मात्र खुशाल मराठीत लिहा.

रात्र तुटते त्यावर सोपं आहे. फोल्डरला ज्या दिवशी रात्र सुरू झाली ती तारीख द्या, पुढे गावाचं नाव: २०२५-०३-१३ काठी. फाइलच्या नावात खरी वेळ आहेच.

एक सेटिंग विसरू नका. डिजिकॅम टॅग आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं. सेटिंगमध्ये जाऊन ते जेपीईजीच्या आत आणि रॉसाठी शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या माहितीच्या फाइलमध्ये लिहायला सांगा. उद्या लॅपटॉप बदलला तरी कोण कुठल्या पाड्याचा ही माहिती फोटोसोबत जाईल. त्या माहितीची किंमत फोटोइतकीच आहे.

प्रतिसाद, भुसावळहून

मी हतनूर धरणावर पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे रॉचा ढीग माझ्याही घरी आहे. रात्रीच्या रंगाबद्दल लिहितो.

फ्रेमगणिक रंग बदलतो कारण व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची कॅमेऱ्याची सेटिंग) ऑटोवर आहे. आगीचा उजेड साधारण २००० केल्विनच्या आसपास, म्हणजे खूप नारिंगी असतो, ऑटोला तो नीट जमत नाही. रॉ असल्यामुळे काही बिघडलेलं नाही. रॉ फोटो दुरुस्त करायला रॉथेरपी किंवा डार्कटेबल घ्या, दोन्ही फुकट. तुमच्या ८ जीबीवर मी रॉथेरपीने सुरुवात करीन. फोटो उजेडाप्रमाणे गटांत वाटा: संध्याकाळचे, हॅलोजनखालचे, ज्वाळेच्या उजेडातले. प्रत्येक गटातला एक फोटो मन लावून दुरुस्त करा, त्याचं प्रोफाइल (केलेल्या बदलांची नोंद) कॉपी करा आणि बाकी गटावर पेस्ट करा. मूळ रॉ फाइलला हात लागत नाही, बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये राहतात. सगळ्या रात्रीला एकच सेटिंग लावायच्या भानगडीत पडू नका.

आणि एक विनंती. सॉफ्टवेअर म्हणेल म्हणून ज्वाळेचा नारिंगी रंग धुऊन पांढरा करू नका. अंगावरची राखेची नक्षी आणि टोपावरची मोरपिसं त्या नारिंगी उजेडातच खरी दिसतात. नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोतले बारीक दाणे, तोही थोडा राहू द्या. फार पुसला तर चेहरे मेणाचे होतात.

पाठवायच्या कॉप्यांसाठी डिजिकॅमचीच बॅच रांग (अनेक फोटोंवर एकदम काम करायची सोय) चालेल, नाहीतर एक्सएन-कन्व्हर्ट किंवा इरफानव्ह्यू. मोबाइलसाठी लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपीईजी गुणवत्ता ८५, रंगाची पद्धत एसआरजीबी (sRGB). प्रिंटसाठी १८०० × १२०० पिक्सेल, म्हणजे ४ × ६ इंचाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) बरोबर बसतात. तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या फोटोच्या लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असेल तर काही कापलं जाणार नाही. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो, आडवा असेल तर ४ × ६ वर भरला की वरचं-खालचं जातं. उंच मोरपिसांचा टोपच कापला गेला तर त्या माणसाला काय वाटेल? असे फोटो पांढरी किनार ठेवून छापायला सांगा. कॉप्या नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, मूळ जेपीईजीवर 'सेव्ह' करू नका. दर वेळी थोडी गुणवत्ता जाते. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तिथे आणखी दाबला जातो आणि एक्झिफही गळून पडतं.

धागालेखिका

रंगाचं अगदी मनातलं बोललात. मला तो नारिंगी तसाच हवा आहे.

आता मुख्य गोष्ट राहिली. टॅग लावायचे कसे? डिजिकॅममध्ये चेहरे ओळखायची सोय आहे असं वाचलं, आणि ते आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं. पण बुध्यांचे चेहरे रंगवलेले असतात, त्यांचं काय? आणि पुढच्या होळीला पाड्याचं नाव आपोआप लागेल अशी काही सोय आहे का? तिथे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

प्रतिसाद, धुळ्याहून

रेंज नसली तरी जीपीएस चालतं, त्याला मोबाइल टॉवर लागत नाही. मोबाइलमध्ये वाट नोंदवणारं एखादं ॲप रात्रभर चालू ठेवा, पॉवर बँक सोबत घ्या, आणि शेवटी जीपीएक्स फाइल (वाट आणि वेळ यांची नोंद) काढून घ्या. डिजिकॅम त्या वाटेची वेळ फोटोच्या वेळेशी जुळवून प्रत्येक फोटोला जागा देतं. जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते आणि कॅमेऱ्यात आपली, म्हणून टाइम झोनमध्ये ५ तास ३० मिनिटांचा फरक सांगायला विसरू नका, नाहीतर सगळे फोटो भलत्याच डोंगरावर दिसतील. नकाशावर एका पाड्याभोवतीचे फोटो निवडायचे आणि एकदम टॅग लावायचा. त्या रात्री निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं मोबाइलला जुळवा, शिवाय मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो दोन्हींनी काढून ठेवा.

काठीला मात्र जीपीएसचा उपयोग नाही, तिथे सगळे पाडे एकाच मैदानात. चेहरे ओळखण्याची सोय बाया-पोरांच्या साध्या फोटोंवर चालवून बघा. ८ जीबीवर वेळ लागेल, रात्री लावून झोपा. रंगवलेल्या चेहऱ्यांना तिचा भरवसा धरू नका.

प्रतिसाद, चोपड्याहून

त्याला माणसंच लागतात ताई. आमच्याकडे जुन्या फोटोंतली नावं अशीच मिळाली. इरफानव्ह्यूमधून काँटॅक्ट शीट काढा: ए४ कागदावर वीसेक छोटे फोटो, प्रत्येकाखाली फाइलचं नाव. काळी-पांढरी झेरॉक्ससुद्धा चालते. ते कागद घेऊन मोलगीच्या किंवा धडगावच्या आठवडे बाजारी बसा, किंवा पाड्याच्या कारभाऱ्याकडे ठेवून या. नक्षी आणि टोप बघूनच म्हातारी माणसं सांगतात, हा अमक्याचा मुलगा, तमक्या पाड्याचा. घरी आल्यावर तेच नंबर डिजिकॅममध्ये शोधायचे आणि नाव-पाडा टॅग करायचे. कोणाला आपला फोटो दुसऱ्याकडे जायला नको असेल तर तेही तिथेच कळतं, त्यासाठी एक वेगळा टॅग ठेवा.

आधी आजोबांच्या पाड्याच्या वर्षांचे कागद काढा. छापताना ओळींमध्ये जागा जास्त सोडा आणि सोबत दोन-चार पेनं न्या, नाव लिहिणारे एकाच वेळी बरेच जण असतात.