जर्मनीत मोटरहोमने नदीकाठची जुनी गावं: मार्ग आणि मुक्कामाबद्दल सल्ला हवा

अबोली_ठाणे:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात जर्मनीत मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरायचं घाटतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासू-सासरे. बाबांना किल्ले आणि जुन्या इमारती बघायच्यात. आईंचे गुडघे दुखतात, रोज नव्या हॉटेलात बॅगा चढवणं-उतरवणं त्यांना झेपणार नाही, म्हणून ही कल्पना निघाली. हाताशी दहाएक दिवस आहेत. कागदावरचा मार्ग असा: फ्रँकफर्ट, वुर्झबर्ग, बामबर्ग, रेगेन्सबर्ग, पासाउ, मग हायडेलबर्ग, ऱ्हाइन, कोब्लेंझ, मोझेल, ट्रीअर आणि परत. नवरा मुंबईत रोज गाडी चालवतो, पण एवढं धूड कधी चालवलेलं नाही. हे जमेल का? रात्री गाडी नदीकाठी कुठेही लावता येते असं एकजण म्हणाला, ते खरं का? आणि गाडीत वरण-भात करता येतो ना? जाणकारांनी सांगावं.

मोझेलकाठचा_सांगलीकर:
ताई, मी कोब्लेंझला राहतो. घरी एक जुनं मोटरहोम आहे आणि सुट्टी मिळाली की आमची चाकं मोझेलकडेच वळतात, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे धरूनच वाचा.

पासाउ ऑस्ट्रियाच्या सीमेवर आणि ट्रीअर लक्झेंबर्गच्या, म्हणजे दोन टोकं. तुमच्या मार्गात बाबांना किल्ल्यांपेक्षा मोटरवेचे कठडेच जास्त दिसतील. एकच नदी धरा. माझ्या मते मोझेल. ट्रीअर ते कोब्लेंझ मोटरवेनं दीड-दोन तासांत होतं, पण नदी इतकी वळणं घेते की तिच्या काठानं हेच अंतर सुमारे १९० किलोमीटर भरतं. गावं एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे रोज तासाभराहून जास्त गाडी चालवायची गरज नाही.

आता मुक्काम. कुठेही गाडी लावून राहता येत नाही. दमलेल्या चालकानं रस्त्याकडेला एखादी रात्र झोप काढली तर चालतं, पण खुर्च्या मांडून संसार थाटला की ते बेकायदा. यासाठी गावोगाव ‘श्टेलप्लाट्झ’ असतात, म्हणजे मोटरहोमसाठी राखलेली जागा. रात्रीचे साधारण दहा ते वीस युरो, विजेचा खांब, पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायची आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय. पुष्कळ ठिकाणी आगाऊ बुकिंग होत नाही. जो आधी येईल त्याची जागा. आदल्या रात्रीचे लोक सकाळी दहा-अकराला निघतात. त्या सुमारास पोचलात तर नदीकडेची रांग मिळते, संध्याकाळी पाचला पोचलात तर मागची, नाहीतर पुढचं गाव.

या जागा ऐन काठावर का, हे मला सांगलीकर म्हणून लगेच कळलं. पुराच्या पट्ट्यात घरं बांधायला देत नाहीत, मग ती कुरणं मोटरहोमना मिळतात. मोझेलकाठच्या कोखेमला घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, त्यात १९९३ च्या डिसेंबरातली फार वरची. मोठे पूर मुख्यतः हिवाळ्यात येतात, सप्टेंबरात सहसा नाही. तरीही धो धो पाऊस लागला तर सांगलीत आयर्विन पुलाची पातळी बघतो तशी इथलीही बघायची. ती रोज ऑनलाइन मिळते. चाकं असलेलं घर आहे, निघायचं.

ऱ्हाइनचं म्हणाल तर दिवसा जरूर जा. बाखाराख, काउबसमोर पाण्यात उभा असलेला छोटा किल्ला, लोरेलायचा १३२ मीटरचा कडा, सगळं बघण्यासारखं. कोब्लेंझ आणि माइन्झच्या मध्ये पूल नाही, फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे जायचं, लेकीला मजा येईल. पण रात्रीचा मुक्काम तिथे नको. दोन्ही काठांवर रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धडधडत जातात. दरी अरुंद, आवाज घुमतो. मोझेलला मात्र बुलायपाशी मुख्य रेल्वे नदी सोडून आत वळते, ती थेट ट्रीअरजवळ पुन्हा भेटते. म्हणून मधला पट्टा, बर्नकास्टेल-कूस आणि ट्राबेन-ट्रारबाखचा, रात्री शांत. मी जागा निवडताना आधी नकाशावर रूळ बघतो, किल्ला नंतर.

बाबांना ट्रीअर आवडेल. रोमनांनी बांधलेला पोर्टा निग्रा दरवाजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आणि मोझेलवरच्या पुलाचे खांबही त्याच शतकातले. त्यांच्यावरून आजही गाड्या धावतात. कोखेमचा किल्ला लांबून देखणा, पण त्यांना आधीच कल्पना द्या: मूळचा १६८९ मध्ये फ्रेंच सैन्यानं उडवला, आत्ताचा १८६८ नंतर बर्लिनच्या एका धनाढ्य व्यापाऱ्यानं हौसेनं उभारला. खरा जुना हवा तर एल्ट्झ. तो कधी पाडला गेला नाही आणि अजून मूळच्याच घराण्याकडे आहे. पार्किंगपासून खाली मिनीबस जाते, आईंना बरं पडेल.

आणि कूस चुकवू नका. बर्नकास्टेलच्या चौकात १४१६ चं एक निमुळतं घर आहे, सगळे त्याचा फोटो काढतात आणि परत फिरतात. पूल ओलांडून पलीकडे गेलं की कार्डिनल आणि तत्त्वज्ञ निकोलस कुसानुसनं पंधराव्या शतकात स्थापलेला वृद्धाश्रम लागतो. येशूच्या वयाइतक्या, म्हणजे ३३ जणांसाठी तो काढला होता. द्राक्षमळ्यांच्या उत्पन्नावर चालत आला, आजही तिथे वृद्ध राहतात आणि कुसानुसचं हस्तलिखितांचं ग्रंथालयही आहे. फक्त सप्टेंबरच्या सुरुवातीला बर्नकास्टेलला मोठा वाइन महोत्सव असतो, त्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळणं कठीण.

रूळप्रेमी:
मला मोटरहोमचं कौतुक कळत नाही. तुमचे ज्येष्ठ नागरिक रात्री अंधारात शिडी चढून झोपणार आहेत का? कोखेममध्ये तळमजल्यावरचं घर भाड्यानं घ्या, रेल्वे आणि बोटीनं फिरा. टाकी रिकामी करायचं काम सुट्टीत कोण करणार, हेही घरात आधी ठरवा.

नेकारवासी:
मोझेलच्या बाजूनं माझंही मत, पण हायडेलबर्ग पूर्ण सोडू नका. फ्रँकफर्टहून तासाभरावर आहे. मोटरहोम घेण्याआधीच एक रात्र हॉटेलात राहा, जुन्या शहरात ते वाहन नेणं म्हणजे डोक्याला ताप. जुन्या पुलावर पुराच्या खुणा कोरल्यात, १७८४ च्या पुरानं आधीचा पूल नेला आणि हा १७८८ मध्ये पुरा झाला. बाबांना इतिहासाची आवड आहे म्हणून सांगते: खंडोबा आणि धनगरांचा आयुष्यभर अभ्यास करणारे गुंथर सोंथायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेत प्राध्यापक होते. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरी बघितलेल्या माणसाला हे गाव मग थोडं वेगळं दिसतं.

अबोली_ठाणे:
सगळ्यांचे आभार! बाबांनी सोंथायमरांचं नाव वाचून हायडेलबर्ग पक्कं केलं. पासाउ-बामबर्ग रद्द. रूळप्रेमींचा शिडीचा मुद्दा घरात गाजतोय. सांगलीकर दादा, चार जणांसाठी म्हणून जी गाडी मिळते तिच्यात पाच जण बसतात का? आणि वरण-भाताचं राहिलंच.

मोझेलकाठचा_सांगलीकर:
नाही बसत. जाहिरातीत पलंग मोजतात, तुम्ही पट्टे मोजा. प्रत्येकाला सीटबेल्ट लागतोच, धावत्या गाडीत मागे आडवं पडणं चालत नाही. लेकीला उंचीप्रमाणे चाइल्ड सीट लागेल. पाच पट्ट्यांची गाडी मागा, आणि मागच्या बाजूला खाली पलंग असलेली, म्हणजे शिडी तुमच्या वाट्याला येईल, आईंच्या नाही. वजन ३.५ टनांच्या आतलंच घ्या, भरलेलं पाणी आणि सामान धरून. नवऱ्यानं आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, मूळ लायसन्सही जवळ हवं. ताबा घेताना हजार-दीड हजार युरो अनामत क्रेडिट कार्डावर अडकते, ती मर्यादा आधी तपासा.

वरण-भात खुशाल करा, गॅस असतो. छोटा कुकर घरून आणा. फोडणी मात्र छताची खिडकी उघडून, नाहीतर रात्रभर पांघरुणांना हिंगाचा वास. रविवारी दुकानं बंद, भाजी-दूध शनिवारीच भरा. बाहेर टेबल मांडून जेवायचं असेल तर श्टेलप्लाट्झपेक्षा रीतसर कॅम्पिंगची जागा घ्या. पण तिथे दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ, फाटक उघडत नाही. बाराच्या आत पोचा.

टाकीचं काम आमच्याकडे जो सकाळी शेवटी उठेल त्याचं.