‘सेंटरबोर्ड’ला मराठीत काय म्हणावे, आणि ते ‘काढणे’ म्हणजे नेमके काय?

अनुवादक : लहान शिडाच्या होडीच्या देखभालीची पुस्तिका मराठीत आणताना एका सूचनेवर काम अडले आहे. होडीच्या तळातील अरुंद फटीतून पाण्यात उतरणारी, पुढच्या कोपऱ्याशी एका पिनेभोवती फिरणारी आणि दोरीने वर-खाली करता येणारी जी फळी असते, तिला मी ‘मध्यफळी’ म्हटले होते. संपादकांनी तिथे ‘कणा’ हा शब्द घातल्यामुळे आता ‘देखभालीसाठी कणा काढावा’ असे वाक्य झाले आहे. कणा म्हणजे जिच्यावर सगळी होडी उभी राहते ती तळाची तुळई, असेच वाचक समजेल. शिवाय उथळ पाण्यात फळी वर ओढून घेणे आणि पिन काढून ती होडीपासून वेगळी करणे, या दोन्ही क्रियांना ‘काढणे’ लागू पडते. येथे दुसरी क्रिया अभिप्रेत आहे.

तत्सम : ‘चलकील’ म्हणावे. संस्कृतातला ‘कील’ आणि इंग्रजीतला कणावाचक ‘कील’ एकच असावेत, इतके त्यांचे उच्चार जुळतात.

सुतारकाम : उच्चार जुळले तरी कुळ जुळत नाही. इंग्रजी शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आहे, तर आपल्याकडे ‘कील’ म्हणजे खिळा किंवा खुंटी. या जोडणीत खरोखरीची एक खीळ, म्हणजे तुम्ही म्हणता ती पिन, असल्यामुळे ‘चलकील काढा’ हे वाचून माणूस आधी तीच ठोकून काढेल, आणि नेमके तेच करायचे नसते. फळी पोलादी पत्र्याची असली किंवा तिच्या टोकात शिसे भरलेले असले, तर आधार नसताना खीळ निघताच ती खाली कोसळते. म्हणून होडी उंच टेकवून किंवा कुशीवर कलंडवून फळीचा भार आधी खालून पेलून धरतात. खीळ बोटांनी सहज फिरू लागली की भार उतरला असे समजून मगच ती हलकेच ठोकून बाहेर काढतात. पुष्कळदा तिचे भोक झिजून लांबट झालेले आढळते. ते भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन घटक एकत्र केल्यावर कडक होणाऱ्या राळेने) बुजवून पुन्हा गोल पाडावे लागते. खिळीच्या दोन्ही टोकांचे रबरी वायसरही त्याच वेळी बदलावेत, कारण पाणी झिरपते ते बहुधा तिथूनच. फळीसाठी मी ‘पाते’ सुचवतो, कारण सुकाणूच्या पाण्यातल्या भागालाही आपण पातेच म्हणतो.

जुनी पाने : संपादकांच्या ‘कण्या’मागे इतिहासाचा आधार आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन शँक यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या ‘लेडी नेल्सन’ या १७९८ च्या जहाजाला अशा तीन उतरत्या फळ्या होत्या, आणि त्यांचे त्या काळचे इंग्रजी नाव ‘सरकते कणे’ असेच होते.

सुतारकाम : त्या फळ्या सरळ वर-खाली सरकत, खिळीभोवती फिरणाऱ्या फळीचे पेटंट अमेरिकेत स्वेन बंधूंना १८११ मध्ये मिळाले. हा भेद आजही टिकून आहे. ‘ऑप्टिमिस्ट’ या मुलांच्या लहान शिडाच्या होडीची फळी वरून उपसून हातात घेता येते, मात्र ‘४२०’ या दोघांनी हाकायच्या होडीची फळी खिळीवर फिरत असल्याने तशी निघत नाही. ‘सरकता कणा’ हे नाव दुसरीला दिले, तर वाचक ती वर उपसू पाहील आणि ती जागची हलणार नाही.

वारा : शीड हाकताना आम्ही नुसते ‘बोर्ड’ म्हणतो. वाऱ्याच्या दिशेने तिरके वर चढायचे असेल, तर होडी आडवी घसरू नये म्हणून ‘बोर्ड खाली’ अशी हाक द्यावी लागते, आणि तिथे तीन अक्षरी शब्दसुद्धा लांब पडतो. वापरातला शब्द टाकून कोशासाठी नवा घडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

तत्सम : हाकेची भाषा आणि पुस्तिकेची भाषा वेगळी असते. उद्या पिन, वायसर, बोर्ड सगळेच तसेच ठेवायचे ठरले, तर अनुवादात मराठी फक्त क्रियापदांपुरती उरेल.

अनुवादक : माझा प्रश्न क्रियापदाचाच आहे! तूर्त ‘सोडवून वेगळी करणे’ असे योजत आहे. फळी ज्यात बसते त्या उभ्या कप्प्याला मी ‘पेटी’ म्हटले आहे.

जुनी पाने : पेटीला तळ असतो, हा कप्पा तर खालून उघडा असतो. ‘खोबण’ अधिक योग्य वाटते.

सुतारकाम : खोबण कोरून काढतात; हा कप्पा फळ्या जोडून उभा केलेला असतो. आत पाणी बाहेरच्या पातळीइतकेच चढते, म्हणून त्याच्या भिंती त्या पातळीच्या वर न्याव्याच लागतात. ‘पेटी’च ठेवा.

जुनी पाने : मग निदान ‘बिनतळाची पेटी’ म्हणावे.