चार पाऊणे तीन: ऐरोलीच्या खाडीकाठचे अनुभव

ठाणे खाडीचे १६९० हेक्टर क्षेत्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तरीही ऐरोलीच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी फार थोडे जण खाली काठापर्यंत गेले असतील. तिथल्या सागरी जैवविविधता केंद्रात, कांदळवनातल्या वाटेवर किंवा होडीतून जाऊन आलेल्यांनी आपण काय पाहिले आणि काय हुकले, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. जानेवारीतल्या एका रविवारी, होडीची वेळ न विचारताच, घरच्या सहा जणांना घेऊन मी दहाच्या सुमारास तिथे पोहोचलो, तेव्हा समोर पाणी नव्हते, नुसता चिखल चकाकत होता. घरी आल्यावर आईने एवढेच विचारले, ‘‘आज माझी संकष्टी आहे, हे तरी ठाऊक होते ना?’’ तिचे माहेर श्रीवर्धनकडचे आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा तिकडचा जुना हिशेब. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन. तीनला भरती, तर नऊला सुकती. पाऊणकी पाठ असलेल्या बाईला जे बसल्या जागी कळले, ते हातात फोन असून मला कळले नाही.

* * *

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांना मुद्दाम ओहोटीच्याच वेळी नेते, त्यामुळे वरच्या लेखकांनी तसेच परत फिरायला नको होते, असे मला वाटते. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे शेकड्यांनी वर आलेली दिसतात, कारण त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि मुळांना तो हवेतूनच घ्यावा लागतो. त्याच तिवराच्या खाली पडलेल्या एका पानाला जीभ लावून पाहायला मी सांगितले, तर एक मुलगी चटकन म्हणाली, ‘‘बाई, हे तर वेफर्ससारखे लागते.’’ मुळांतून आत आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते, हे शिकवायला मला एरवी अर्धा तास लागला असता. मग एकाला निवटी दिसली. कल्ल्यांत पाणी धरून, पुढच्या परांवर रेटत चिखलावर सरपटणारा तो मासा पाहिल्यावर मुले फ्लेमिंगोंना विसरली, आणि एकच नांगी भलीमोठी असलेला खेकडा ती नांगी हलवून कोणाला बोलावतो आहे, यावर पुढे बराच वेळ वाद चालला.

* * *

आम्ही सेवानिवृत्त मंडळी मार्चमध्ये होडीने गेलो होतो. नावाड्याने इंजिन बंद केले आणि उघड्या पडू लागलेल्या चिखलाकडे होडी आपोआप सरकू दिली. शेकाटे आणि उचाटे हे लांब पायांचे पक्षी ओळखू आले, पण नंतर सगळ्यांचे लक्ष गुलाबी पट्ट्याकडेच गेले. चोच उलटी करून, मान लोंबती ठेवून, पाय जागच्या जागी नाचवत ते पक्षी चिखल गाळत होते. एका सोबत्याने मोठ्याने हाका मारून फोटोसाठी त्यांना उडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नावाड्याने त्याला जे सुनावले ते इथे लिहिता येणार नाही. आम्हाला ते पटले.

* * *

आमचे घर खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. शिक्षिका बाईंनी निवटीचे कौतुक केले ते वाचून हसू आले, कारण आमच्याकडे निवट्यांचे कालवण होते आणि ते आजी करायची तसे मला अजून जमत नाही. रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो, सुंदर आहेतच. मात्र धाकटा रोहित ज्या नील-हरित शैवालावर जगतो, ते शहराच्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर माजते, हेही पाहुण्यांनी लक्षात घ्यावे. आजोबा ज्या पाण्यात जाळे टाकून घरापुरती मासळी सहज आणत, तिथे आता माझ्या भावाच्या जाळ्यात प्लास्टिकच अधिक येते. भरती उतरल्यावर तिवरांच्या फांद्यांवर पिशव्या एकाच उंचीवर अडकलेल्या दिसतील. पाणी कुठवर चढले होते, ते त्यावरून कळते. फोटो काढताना त्या चौकटीबाहेर ठेवू नका, एवढीच विनंती.

* * *

मी मे महिन्याच्या शेवटी गेलो. पक्षी बहुतेक निघून गेले होते, उकाडा असह्य होता, आणि एक खंड्या मात्र दोन तास माझ्यासमोर बसून होता. पुन्हा जाईन, पण थंडीत.

* * *

वरचे सारे वाचून पुन्हा जायचे ठरवले आहे. येत्या चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा येते, आणि या वेळी केंद्रात फोन करून होडीची वेळही पक्की केली आहे. आधी होडी, मग दुपारी पाणी उतरले की निवट्या. आई सोबत येणार आहे. होडीत मात्र बसणार नाही म्हणते, तिला तिवराचे पान चाखायचे आहे.