मेझो-सोप्रानोला मराठीत काय म्हणावं?

अर्धमात्रा: रविवारी आमच्या श्रवणमंडळात जॅनेट बेकर ही ब्रिटिश मेझो-सोप्रानो गायिका ऐकवायची आहे. ग्लुकच्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात नायक ऑर्फेओ गातो ते 'के फारो' हे पद, इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न महोत्सवातला 1982 चा प्रयोग. याच भूमिकेत बाईंनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला. टिपणात मी लिहिलं, 'मध्यम आवाजाची थोर गायिका'. बहीण म्हणाली, "मध्यम म्हणजे बरी गाते एवढंच ना?" पाश्चात्त्य संगीतात बायकांच्या आवाजांत सोप्रानो वरचा, कॉन्ट्राल्टो खालचा, मेझो-सोप्रानो मधला. 'मध्यम पट्टी' चालेल?

पेटीवाली: पट्टी नको हो! पट्टी म्हणजे सा कुठला धरला ते. मी काळी चारला गाते, घसा बसला की काळी दोन धरते, म्हणून माझा आवाज बदलतो का? हे पद सी मेजरमध्ये आहे, म्हणजे पांढरी एक. ते ग्लुकने ठरवलं, बेकरबाईंनी नाही. तुम्हाला हवा आहे 'पल्ला', आणि त्याहून जास्त आवाजाची जात.

शुद्धमती: 'मंद्रमध्या' करा. सुटसुटीत आणि अर्थवाही.

पेटीवाली: काढ्याचं नाव वाटतंय.

शुद्धमती: 'दूरदर्शन'लाही लोक हसलेच असतील. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

तबलजी: आमच्याकडे ढाला आणि टिपेचा. ढाला म्हणजे मोठ्या तोंडाचा, खाली लागणारा तबला. गळ्यालाही म्हणतात, 'आवाज ढाला आहे'. वडील सांगायचे, ढालीएवढं तोंड म्हणून ढाला.

शुद्धमती: ढालीचा काय संबंध? ढळणे, ढाळ, उतार. सूर उतरलेला म्हणून ढाला.

तबलजी: वडिलांनी चाळीस वर्षं तबले मढवले. तुम्ही किती?

अर्धमात्रा: पण ढाला कॉन्ट्राल्टोला शोभेल. मधल्याचं काय?

खर्जप्रेमी: मग कॉन्ट्राल्टोच ऐकवा! कॅथलीन फेरियर. फेब्रुवारी 1953, लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह, हाच ऑर्फेओ. कर्करोग हाडात उतरलेला, प्रयोग चालू असताना मांडीचं हाड मोडलं, तरी बाईंनी प्रयोग पुरा केला. त्याच ऑक्टोबरात गेल्या, वय 41.

पेटीवाली: हाड मोडलं याने आवाज कळत नाही. बेकरबाईंचंच ऐकवा. आणि लोकांना एक नक्की सांगा, मृत्युलोकातून परत आणलेली बायको एउरिदिचे दुसऱ्यांदा मेली आहे आणि हा ऑर्फेओ गातोय बिलावलच्या सुरांत. एकही कोमल स्वर न लावता धृपद सुरू होतं. मध्ये 'एउरिदिचे, एउरिदिचे' अशा हाका, मग थांबणं. उत्तर येत नाही, आणि पुन्हा तीच गोड चाल. मला तर त्या थांबण्यात रडू येतं.

जुना रेडिओ: 'हा' गातोय की 'ही'? 1762 साली व्हिएन्नात हे काम ग्वादाञी नावाच्या कास्त्रातोने, म्हणजे लहानपणी खच्ची केल्यामुळे आवाज न फुटलेल्या पुरुष गायकाने केलं. पुढे 1859 मध्ये संगीतकार बर्लिओझने गायिका पोलिन व्हियार्दोसाठी ते बाईच्या गळ्यात बसवलं. आपल्याकडे बालगंधर्व स्त्रीपार्टी, तशा या पुरुषपार्टी. शब्द तयार आहे, वापरा.

अर्धमात्रा: तो भूमिकेचा झाला, आवाजाचा नाही. काल एकाने 'पुरुषी आवाज' सुचवला.

पेटीवाली: मुळीच नाही! गायिका गंगूबाई हनगलांनाही हेच ऐकावं लागलं. भरदार म्हणा, घुमारदार म्हणा. जड आवाज फक्त पुरुषाचा असतो असं कुणी ठरवलं?

इटालियन_शिकतेय: उच्चार 'मेद्झो' आहे. पिझ्झातला झ्झ 'त्स'सारखा, यातला 'द्झ'सारखा.

तबलजी: म्हणजे इतकी वर्षं पिझ्झाही चुकीचा खाल्ला.

अर्धमात्रा: मेझोच ठेवते मग. पण पदाच्या पहिल्या ओळीचं भाषांतर? 'फारो' भविष्यकाळ आहे. 'काय करीन मी एउरिदिचेवाचून' असं लिहिलंय.

जुना रेडिओ: 'करीन'मध्ये बेत आहे. 'काय करू' म्हणा. हात टेकलेला माणूस 'करीन' म्हणत नाही.

शुद्धमती: मुळात भविष्यकाळ असेल तर 'करीन'च. भाषांतरात काळ बदलायचा नसतो.

पेटीवाली: आमची आजी, आजोबा गेले तेव्हा, महिनाभर म्हणत होती, "आता मी काय करू गं." काळ विचारायला कुणी गेलं नाही.

शुद्धमती: 'वाचून' की 'विना', तेही ठरवा एकदा.