घरून कामाच्या दिवशीही तो ऑफिसात येऊन बसतो

कल्याणची_आठवली
मंडळी, सल्ला हवाय. अंधेरी एमआयडीसीत बॅक ऑफिसचं काम, आठ जणांची टीम माझ्याकडे. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळावं म्हणून वर्षभर मीच भांडले. कल्याणहून लोकल, घाटकोपरच्या पुलावर रेटारेटी, मग मेट्रोने चकाला. जाऊन-येऊन साडेतीन तास! आता ते दोन दिवस दुपारची पोळी तरी गरम खाते.

पण टीममध्ये परभणीचा एक मुलगा आहे, चोविशीतला. मरोळला कॉट बेसिसवर राहतो, म्हणजे भाड्याने फक्त एक खाट. खोलीत चौघे, बाकी तिघे रात्रपाळीचे. म्हणजे दिवसा ते झोपलेले. दिवा लावायचा नाही, फोनवर बोलायचं नाही. वॉचमनकडून कळलं, की घरून कामाच्या दिवशीही हा येतो आणि रात्री नऊपर्यंत एकटाच बसून असतो. मिटिंगला कॅमेरा बंद. परवा तर पहाटे २ वाजता मेल! "काय रे, बरा आहेस ना?" विचारलं तर "एकदम मस्त, मॅडम." आता पुढे काय बोलू?

नांदेड_ते_नाहूर
ताई, २०२१ साली तो मुलगा मी होतो. 'मस्त'च म्हणणार हो, विचारणारीच अप्रेझल लिहिते ना! आमच्या सीनियरनी मला कधी काही विचारलं नाही. रोज दीडला फक्त "चल, जेवू." खानावळीचा डबा त्यांच्यासमोर उघडायची लाज वाटायची. तिसऱ्या आठवड्यात आपोआप बोललो. आणि कृपा करून त्याला शुक्रवारच्या फन अ‍ॅक्टिव्हिटीत नाचायला लावू नका.

विरारवाला
एकासाठी सगळ्यांचं घरून काम बंद करू नका, एवढंच!

एचआर_मावशी
जेवायला न्याच, पण पहाटे २ च्या मेलवर डबा हा इलाज नाही. आधी त्याच्याकडे काम किती आहे ते बघा. कुणी नोकरी सोडली की त्याचं काम टीममधल्या सगळ्यात गप्प माणसाच्या गळ्यात पडतं, हे मी बारा वर्षं बघतेय. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही असं दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरच हवा. आपण निदान करत बसू नये. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर सगळ्या ग्रुपवर टाका, त्याला एकट्याला नको. २०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजारही धरावा लागतो. कंपनीच्या पॉलिसीत नक्की काय मिळतं ते विचारून ठेवा.

कल्याणची_आठवली
मावशी, यादी काढली आणि स्वतःचीच लाज वाटली. सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी सोडून गेली, तिचे दोन क्लायंट मीच त्याला 'तात्पुरते' दिले होते. साफ विसरले. एक आज काढून घेतला, दुसरा सोमवारी घेईन. दीडला जेवायला आला. माझ्या डब्यात नेमकी शेपूची भाजी, नको म्हणाला. उद्या बटाटा नेते.