प्लसची गोळी बदलून सर्ट्रालिन चालू केली, डोक्यात करंट मारल्यासारखं होतंय

शिरोलीकर_३४
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, ऑफिस साइडला. मागच्या वर्षी पॅनिक अटॅक यायला लागले तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची एकच गोळी दिलेली, एस्सिटालोप्रामची, नावापुढं प्लस असतं ती. वर्षभर बरं चाललं पण वजन नऊ किलो वाढलं आणि अजून एक प्रॉब्लेम झाला, लग्न झालेल्यांना सांगायला नको. मग डॉक्टर म्हणाले बदलूया. आता सकाळी सर्ट्रालिन, पहिला आठवडा 25 आणि मग 50. आज सहावा दिवस. पहिले दोन दिवस काहीच नाही, तिसऱ्या दिवसापासून मान फिरवली की डोक्यात सर्रकन करंट गेल्यासारखं, नुसते डोळे इकडून तिकडं नेले तरी होतंय. रात्री तीनला टक्क जागा, घाम, धडधड, सकाळी पोट बिघडतंय. काल तावडे हॉटेलजवळ गाडीवर असतानाच हात थरथरायला लागले, गाडी बाजूला घेऊन पंधरा मिनिटं बसून होतो. नवी गोळी सोसेना म्हणायचं का? जुन्या सात गोळ्या शिल्लक आहेत, त्या चालू करू का? डॉक्टर सोमवारी भेटणार, आज शुक्रवार.

पहाटे_रंकाळा
भावा सगळं बंद कर आणि सकाळी रंकाळ्याला फेऱ्या मार. माझा मेव्हणा या गोळ्यात अडकला तो अजून अडकलाय. एकदा सवय लागली की सुटत न्हाई बघ. मन घट्ट करायचं बस्स.

मेडिकलवाला_राजारामपुरी
वरच्या दादांचं हे एवढं ऐकू नका. रंकाळ्याला फेऱ्या मारा की, कोण नको म्हणतंय, पण गोळ्या घेऊन मारा. मी डॉक्टर नाही, पंधरा वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळं डोस काही सांगणार नाही, फक्त एक विचारतो. त्या प्लसच्या स्ट्रिपवर मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलंय का कधी? बहुतेक एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5 (घबराट कमी करणारं, झोप आणणारं औषध) असणार. म्हणजे ती एक गोळी नव्हती, दोन औषधं होती. तुम्ही एक बदललं असं समजताय, पण एक बदललं आणि दुसरं वर्षभर रोज घेऊन एका रात्रीत बंद झालं. क्लोनाझेपाम अंगातनं सावकाश जातं, निम्मं जायलाच 30 ते 40 तास लागतात, म्हणून पहिले दोन दिवस काही वाटत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोप उडते, घाम, थरथर. डोक्यातले करंट बऱ्याचदा एस्सिटालोप्राम सुटल्याचे असतात. पोट मात्र सर्ट्रालिनचं असू शकतं, पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांचं बिघडतं. आता यातलं कुठलं कशाचं हे डॉक्टरच सांगणार. चिठ्ठी परत बघा, सर्ट्रालिनच्या खाली अजून एक ओळ आहे का? सहसा असते. नवी गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहा पण लागतात, आणि सुरुवातीला घाबरल्यासारखं उलट जास्तच होऊ शकतं, तेवढ्यापुरता क्लोनाझेपामचा टेकू ठेवतात आणि मग थोडं थोडं करत काढतात.
आणि जुन्या सात गोळ्या स्वतःच्या मनानं चालू करू नका. त्यातली एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन दोन्ही एकाच घराण्यातल्या आहेत, एकावर एक नको. (खरं सांगायचं तर तो लग्न झालेल्यांचा प्रॉब्लेम सर्ट्रालिननं जाईलच असं पण नाही, हे पण विचारा.)

कळंब्याची_ताई
करंट म्हणजे काय ते मला विचारा. मी पॅरोक्सेटिनवर होते, याच घराण्यातली गोळी, बरं वाटतंय म्हणून दिवाळीत आपलं आपणच बंद केलं. चकली तळताना मान वळवली आणि डोळ्यापुढं लखकन झालं, कढईवरच गेले असते. ती गोळी अंगातनं लवकर उतरते म्हणून एकदम सोडली की जास्त त्रास होतो असं नंतर कळलं. मग डॉक्टरांनी परत चालू केली आणि चार महिने घेतले कमी करत आणायला. आता काही नाही.
सासूबाईंचं वेगळंच झालं, वय 71, बीपीची लघवी होणारी गोळी आधीपासून चालू आणि वर एस्सिटालोप्राम दिली, दहा-बारा दिवसांत बरळायलाच लागल्या, मला ओळखेनात. आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला, निघालं त्या दोन गोळ्यांनी मिळून रक्तातलं सोडियम कमी झालेलं. म्हणून सांगते, दुसरं काय काय चालू आहे ते सगळं डॉक्टरांना सांगा, डोकेदुखीची गोळी सुद्धा.

शिरोलीकर_३४
मेडिकलवाले दादा, चिठ्ठी काढून बघितली. दुसरी ओळ आहे. क्लोनाझेपाम 0.25, रात्री. मीच घेतली नाही. दुकानात म्हटलं ही झोपेची गोळी नको, सवय लागते, एवढी सर्ट्रालिन द्या. ज्याची सवय लागेल म्हणून घाबरलो तेच वर्षभर खात होतो. स्ट्रिप कधी वाचली नाही कारण घरात आईला माहीत नाही, मी गोळ्या सुट्ट्या करून पित्ताच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो.
ताईंनी म्हटलं म्हणून सांगतो, बुधवारी कंबर धरलेली तेव्हा भावाची एक गोळी घेतली होती, ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल.

मेडिकलवाला_राजारामपुरी
मग सोमवारची वाट बघू नका, आत्ता फोन लावा. ट्रॅमाडॉल आणि सर्ट्रालिन दोन्ही सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढवतात, ते फार वाढलं की धोका असतो. शिवाय ट्रॅमाडॉलनं फिट यायची शक्यता वाढते, क्लोनाझेपाम एकदम सोडल्यावर पण वाढते, म्हणजे तुम्ही दोन्ही बाजूनं दोर ओढलाय. परत ती घेऊ नका. खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप पण नको, आणि दारू तर नकोच, शनिवार असला तरी. ताप चढला, अंग ताठलं, स्नायू आपोआप उडायला लागले किंवा बोलण्यात गडबड झाली तर फोन पण नको, कुणाला तरी बरोबर घेऊन सरळ सीपीआरच्या (कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल) कॅज्युअल्टीला. रात्री नुसतं मन घाबरलं आणि बोलायला कोणी नसलं तर टेलिमानसचा (मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) 14416 आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पहाटे_रंकाळा
मेव्हण्याला फोन करून विचारलं. तो पण म्हणतोय एकदम सोडल्यावरच वाट लागलेली. माझं मागं घेतो भावा.

शिरोलीकर_३४
डॉक्टरांनी स्वतः फोन केला रात्री साडेनऊला. सगळं सांगितलं, ट्रॅमाडॉलचं सांगितल्यावर जरा गप्प झाले, मग ताप, थरथर, नाडी एवढं तीनतीनदा विचारलं. 0.25 आजपासूनच घ्यायला सांगितलं, सर्ट्रालिन 25 वरच ठेवायची, 50 चं सोमवारी बघून ठरवणार. शिव्या घातल्या नाहीत, पण पुढच्या वेळी न घेतलेली गोळी पण सांगा म्हणाले. काल पाच तास झोप लागली. करंट आहेत अजून, पण कमी. बायकोनं गाडीची किल्ली काढून घेतलीय, केएमटीच्या बसनं जातोय, आणि आई विचारालीय की पित्तासाठी डॉक्टर रात्री साडेनऊला फोन कशाला करतोय.