ऑनलाइन बीएसएन: स्वस्तातलं घ्यावं की बघून घ्यावं?

अनुजा_नाइट्स:
अमेरिकेत दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर आरएन (रजिस्टर्ड नर्स) झालेल्या आणि आता नोकरी सांभाळून बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा काढतेय. माझं मत आधीच सांगते: मान्यता असलेल्या शाळांपैकी जी सगळ्यात स्वस्त, ती घ्या आणि मोकळ्या व्हा. एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा सगळ्यांनी एकच दिली, लायसन्स एकच, वॉर्डातले पेशंटही तेच. 2010 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकन सल्लागार संस्थेने म्हटलं की 2020 पर्यंत 80 टक्के नर्सेसकडे पदवी असावी. न्यूयॉर्कने तर 2017 मध्ये कायदाच केला, लायसन्स मिळाल्यापासून 10 वर्षांत बीएसएन. थोडक्यात, एचआरला एक कागद हवाय. त्या कागदासाठी कर्ज कशाला काढायचं? सहा महिन्यांची एकच ठरलेली फी आणि त्यात जमतील तितके विषय, अशी शाळा मी बघून ठेवली आहे. जितकं लवकर संपेल तितकं स्वस्त. आठवड्याला तीन नाइट्स करते, मुलगी दुसरीत आहे. कोणाला यात खोट दिसत असेल तर सांगा, अजून पैसे भरलेले नाहीत.

स्वाती_आयसीयू:
खोट "जितकं लवकर तितकं स्वस्त" इथेच आहे. मी अशाच शाळेत होते. दोन टर्ममध्ये उरकेन असा हिशेब केला होता. पहिली टर्म झकास गेली. दुसरीत आमच्या युनिटमधल्या तिघी सोडून गेल्या, रोज एक्स्ट्रा शिफ्टसाठी फोन. स्टॅटिस्टिक्सचं पान दहा आठवडे उघडलं नाही. अडवायला कोणी नव्हतं, विचारायलाही नाही. फी मात्र चालूच. दोनाच्या चार टर्म झाल्या. ज्यांची ड्युटी आपल्या हातात नाही, त्यांनी क्रेडिटप्रमाणे फी घेणारी शाळा बघावी. आकडा मोठा दिसतो, पण अडकलात तर वाढत नाही.

अनुजा_नाइट्स:
पण तिथे दर आठवड्याच्या डेडलाइन असतात ना? बुधवारी पोस्ट, रविवारपर्यंत दोन वर्गमित्रांना उत्तरं. नाइट करून आल्यावर ते कसं जमायचं?

स्वाती_आयसीयू:
जमतं, पण दमछाक होते. नंतर मी तशाच शाळेत गेले, म्हणून सांगते. संध्याकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये गाडीत बसून, मांडीवर डबा आणि फोनवर अंगठ्याने टाइप, अशी कितीतरी उत्तरं लिहिली. एकदा रविवारी रात्री 11:20 ला असाइनमेंट टाकलं आणि उशिराचे गुण कापले गेले, कारण शाळेची वेळ ईस्टर्न आणि मी टेक्सासात. तिथे तेव्हा 12:20 वाजून गेले होते. खूप रडले त्या रात्री. तरी सांगते, त्या डेडलाइन नसत्या तर माझी पदवी झालीच नसती.

जुनी सिस्टर:
"कागद" हा शब्द मला लागला, म्हणून लिहितेय. 31 वर्षं बेडसाइडला काढली, त्यातली 12 बीएसएननंतरची. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा 2003 चा अभ्यास शोधून वाचा: पेनसिल्व्हेनियातली 168 हॉस्पिटलं, शस्त्रक्रियेचे पेशंट. पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 5 टक्क्यांनी कमी.

आणि माझं स्वतःचं सांगते. हार्ट फेल्युअरचे एक आजोबा आमच्याकडे वारंवार ॲडमिट व्हायचे. मीठ कमी खा हे मी त्यांना प्रत्येक डिस्चार्जला सांगितलं होतं. पुढे बीएसएन करताना कम्युनिटी हेल्थच्या प्रॅक्टिकमला (प्रत्यक्ष कामाच्या भागाला) अशाच एका पेशंटच्या घरी गेले. कपाट उघडलं तर नुसते सूपचे डबे. त्या बाई वरून मीठ अजिबात घालत नव्हत्या, सांगितलेलं तंतोतंत पाळत होत्या. सूपमध्ये किती मीठ आहे हे सांगणारं डब्यावरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, एवढंच. त्यानंतर मी डिस्चार्जला मीठ हा शब्द काढायच्या आधी "घरी स्वयंपाक कोण करतं?" हे विचारायला लागले. जी शाळा असं कोणाच्या घरी न पाठवता नुसते पेपर लिहून घेते, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

अनुजा_नाइट्स:
ताई, सूपच्या डब्यांचं वाचून गप्प झाले. पण अभ्यासाबद्दल माझा आक्षेप राहतो. तो हॉस्पिटलातल्या पदवीधरांचं प्रमाण सांगतो. दहा वर्षं काम केलेल्या नर्सने ऑनलाइन बीएसएन केलं की तेवढाच फरक पडतो, असं त्यावरून म्हणता येत नाही.

भूषण_आरएन:
दोघींचं वाचलं. मला वाटतं फीच्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात, त्यातली आपली किती धरली जातात त्यावर सगळा खर्च ठरतो. पैसे भरण्याआधी ट्रान्सक्रिप्ट पाठवा आणि कोणते विषय उरले ते लेखी मागा. तोंडी "होऊन जाईल"वर जाऊ नका. एका शाळेने माझी मायक्रोबायोलॉजी जुनी झाली म्हणून नाकारली, दुसरीने तीच मुकाट घेतली. पहिलीची फी कमी होती, पण तिथे एकूण खर्च जास्त आला असता.

मान्यता सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची आहे का ते त्यांच्याच यादीत बघा, शाळेच्या जाहिरातीत नको. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं सर्टिफिकेट हवं असेल तर 90 तासांचं देखरेखीखालचं क्लिनिकल लागतं, ते कोर्समध्ये आहे का विचारा. न्यूयॉर्कच्या कायद्यातून त्या वेळी लायसन्स असलेल्यांना सूट आहे, उगाच घाबरू नये. हॉस्पिटलने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला 5250 डॉलर करमुक्त असतात, पण त्यासोबत किती वर्षं तिथेच राहायचं लिहून घेतात ते वाचूनच सही करा.

मेधा_पीएनपी:
पुढे एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) करायचा विचार असेल तर ग्रेडचंही बघा. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या, ठरलेल्या फीच्या शाळेत ग्रेड नसतात, पास म्हणजे 4 पैकी 3.0 धरतात. ते आधीच सांगतात, लपवत नाहीत. पण तुम्ही कितीही उत्तम केलंत तरी कागदावर 3.0 च. ज्या एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर्सला) त्याहून जास्त जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, लागतो, तिथे अडचण येते. मला आली असती, म्हणून मी महागडी स्टेट युनिव्हर्सिटी घेतली आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

अनुजा_नाइट्स:
मला एनपी करायचं नाही, बेडसाइडलाच राहायचंय, त्यामुळे 3.0 चालेल. दोन शाळांकडून लेखी यादी मागवली. भूषण म्हणाले तेच झालं: बघून ठेवलेल्या शाळेत 36 क्रेडिट उरतात, दुसऱ्या स्टेट कॉलेजात 30, आणि तिथे प्रॅक्टिकमही आहे. हिशेबाने तरी पहिलीच थोडी स्वस्त पडते, माझी टर्म लांबली नाही तरच. स्टॅटिस्टिक्स आधी कम्युनिटी कॉलेजात करून टाकते, मग ठरवते.

स्वाती_आयसीयू:
ते पहिलं कर. आणि त्या काळात एक्स्ट्रा शिफ्टचा फोन आला तर उचलू नकोस.